गाळलेल्या जागेचा पुरावा

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न सोडवलेला असतो. धड्यातले वाक्य जसेच्या तसे उचलायचे, त्यातला एक शब्द काढून तिथे रेघ ओढायची आणि विद्यार्थ्याने तो शब्द आठवून लिहायचा, अशी त्याची रीत. धडा पाठ असेल तर गुण हमखास मिळत. वाक्य कळले नाही तरी अडत नसे. 'समुद्रसपाटीपासून' एवढे दिसले की पुढचा आकडा आपोआप लिहिला जाई. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ पाहणाऱ्यांची जीआरई नावाची परीक्षा असते, आणि तिच्या व्हर्बल विभागात असाच दिसणारा प्रश्न येतो. दोन-चार ओळींचा मजकूर, त्यात एक, दोन किंवा तीन कोऱ्या जागा, खाली पर्याय. रूप ओळखीचे असल्यामुळे आपला विद्यार्थी ओळखीचीच तयारी करतो. तो वर्डलिस्ट आणतो आणि शब्द पाठ करायला बसतो.

या पुस्तकाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. शाळेतल्या प्रश्नाचे उत्तर वाक्याबाहेर, धड्यात असायचे. जीआरईतल्या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यातच असते, आणि ते तिथे असावे अशी व्यवस्था प्रश्न रचणाऱ्याने मुद्दाम केलेली असते. त्याला तसे करावेच लागते. पाच पर्यायांपैकी एकच बरोबर आहे असे म्हणायचे, तर उरलेले चार का चालत नाहीत हे मजकुरातूनच दाखवता आले पाहिजे. नाहीतर जगभरचे परीक्षार्थी हरकत घेतील. तेव्हा प्रत्येक कोऱ्या जागेसाठी वाक्यात कुठेतरी पुरावा ठेवलेला असतो. कधी तो एखाद्या अर्धविरामानंतर असतो, कधी एका छोट्या उभयान्वयी अव्ययात, कधी दोन ओळी मागे राहिलेल्या विशेषणात. तो शोधणे म्हणजे हा प्रश्न सोडवणे. शब्दसंग्रहाचे काम त्यानंतर सुरू होते.

कोऱ्या जागा भरायला देऊन बुद्धी जोखण्याच्या कल्पनेला सव्वाशे वर्षे उलटून गेली आहेत. तिच्या मुळाशी असलेला माणूस या विषयाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. हेर्मान एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. १८८५ साली त्याने स्मृतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. काही अर्थ नसलेल्या अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करायच्या, ठरावीक काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या, आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वाचले ते मोजायचे, असे त्याचे प्रयोग होते. एका तासानंतर साधारण ४४ टक्के श्रम वाचत, एका दिवसानंतर ३४ टक्के, महिन्याने २१ टक्के. विसरण्याची ती झपाट्याने उतरणारी रेघ आजही मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापतात.

पुढे हाच एबिंगहाउस ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, प्राध्यापक असताना एक निराळा प्रश्न त्याच्यापुढे आला. शाळेचे सलग पाच तासांचे सत्र मुलांच्या मेंदूला थकवते का? त्याने मुलांना तीन तऱ्हेच्या चाचण्या दिल्या. एक आकडेमोडीची, एक आकडे लक्षात ठेवण्याची, आणि तिसरी त्याने स्वतः तयार केलेली: गद्य उतारा घ्यायचा, त्यातले शब्द आणि अक्षरे गाळायची, आणि मुलांना तो अर्थपूर्ण करायला सांगायचे. १८९७ साली त्याने हे काम प्रसिद्ध केले. मुलांच्या वर्गातल्या क्रमांकाशी सर्वांत जवळून जुळली ती ही तिसरी चाचणी. स्मृती इतक्या बारकाईने मोजलेल्या माणसाने बुद्धी मोजण्याची वेळ आली तेव्हा स्मृतीकडे पाठ फिरवली आणि सुटे तुकडे जोडून अर्थ उभा करण्याच्या शक्तीकडे बोट दाखवले. त्याने या रीतीला जोडणीची पद्धत असेच नाव दिले होते. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची जी मालिका केली तिच्यात हा प्रकार आला, आणि तिथून तो विसाव्या शतकातल्या परीक्षांमध्ये पसरला.

एबिंगहाउसच्या दोन कामांपैकी आपले विद्यार्थी नेमके पहिले करत बसतात. संदर्भ नसलेला इंग्रजी शब्द, त्याच्यासमोर एक मराठी किंवा इंग्रजी प्रतिशब्द, खाली दुसरा शब्द, खाली तिसरा. शिकणाऱ्याच्या मनाला ही यादी आणि निरर्थक अक्षरांची माळ यांत फारसा फरक वाटत नाही, आणि विसरण्याची रेघही तशीच घसरते. बॅरन्स प्रकाशनाची साडेतीन हजार शब्दांची यादी पुण्या-मुंबईत कित्येक पिढ्यांनी वापरली आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिची प्रत उघडून पाहा: 'ए'ची पाने पेन्सिलीने भरलेली, 'सी'नंतर खुणा विरळ झालेल्या, 'पी'पासून पुढे कोरे करकरीत कागद. या मुलांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष, प्रोजेक्ट, कॅम्पस मुलाखती हे सगळे सांभाळून ती रोज शब्द पाठ करत असतात. म्हणूनच ते श्रम चुकीच्या ठिकाणी जाताना पाहवत नाही.

या सवयीला इतिहास आहे हेही सांगितले पाहिजे. जीआरईची सुरुवात १९३६ साली झाली. कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांचा तो संयुक्त प्रयोग होता. १९४८पासून ती एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेकडे आली. पुढे कित्येक वर्षे तिच्या व्हर्बल विभागात विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांच्या नात्याचे प्रश्न असत. विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात वाक्यच नसे. एक शब्द सुटा उभा, खाली पाच पर्याय. शब्द माहीत असेल तर उत्तर, नसेल तर नाही. त्या परीक्षेसाठी याद्या पाठ करणे शहाणपणाचे होते, आणि आपल्याकडच्या क्लासेसची रीत त्या काळात घडली. ऑगस्ट २०११मध्ये परीक्षेचे रूप बदलले. दोन्ही प्रकार काढून टाकले गेले, गुणांची जुनी २०० ते ८००ची पट्टी जाऊन १३० ते १७०ची आली, आणि शब्दज्ञान तपासायचे ते वाक्याच्या आतच, असे ठरले. हा बदल योग्य होता असे माझे ठाम मत आहे. संशोधनपर लेख वाचणाऱ्या माणसापुढे शब्द कधीच सुटा येत नाही. परीक्षा बदलून बरीच वर्षे झाली, तरी तयारीची रीत मात्र पुष्कळांची जुनीच राहिली आहे.

आजची परीक्षा कशी आहे ते थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२३पासून ती आखूड झाली असून सगळी मिळून दोन तासांच्या आत संपते. व्हर्बलचे दोन भाग: पहिल्यात १२ प्रश्न आणि १८ मिनिटे, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २३ मिनिटे. पहिला भाग जसा जाईल त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. एकूण प्रश्नांपैकी साधारण निम्मे कोऱ्या जागांचे असतात. त्यांचे दोन प्रकार. पहिल्या प्रकारात एक जागा असेल तर पाच पर्याय. दोन किंवा तीन जागा असतील तर प्रत्येक जागेला तीन-तीन पर्याय, आणि सगळ्या जागा बरोबर भरल्या तरच गुण. दुसऱ्या प्रकारात जागा एकच, पर्याय सहा, आणि त्यांतून असे दोन निवडायचे की ज्यांनी वाक्याचा अर्थ एकच राहील. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी निव्वळ अंदाजाच्या भरवशावर राहू नये: तीन जागांच्या प्रश्नात पर्यायांच्या २७ जुळण्या होतात, दोन शब्द निवडायच्या प्रश्नात १५.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बहुतेक विद्यार्थी मजकूर एकदा वाचतात आणि लगेच पर्यायांकडे जातात. एकेक शब्द कोऱ्या जागेत घालून वाक्य मनात म्हणून पाहतात आणि जे कानाला बरे लागेल ते निवडतात. यात धोका असा की चुकीचे पर्यायही कानाला बरेच लागतील असे बेतलेले असतात. 'चुकीचा पर्याय' म्हणजे काहीतरी भलताच शब्द, असे नसते. प्रत्येकामागे एक अपुरे वाचन उभे असते. ज्याने वाक्याचा पूर्वार्धच वाचला त्याच्यासाठी एक पर्याय असतो. ज्याला विरोध जाणवला पण कशाशी विरोध ते कळले नाही, त्याच्यासाठी दुसरा. ज्याची नजर विषयाशी जुळणाऱ्या शब्दावर अडखळते त्याच्यासाठी तिसरा. मजकूर शेतीवर असेल तर पर्यायांत 'सुपीक'सारखा एखादा शब्द हटकून सापडतो. चौथ्याची दिशा बरोबर असते, पण जोर पुराव्यापेक्षा फार जास्त असतो. अर्थ मनात तयार नसताना या गर्दीत शिरलेला वाचक पाचही वाक्ये ऐकतो आणि पाचही त्याला पटतात.

म्हणून पर्याय आधी झाकायचे. हाताने झाका, स्क्रीनवर असतील तर नजरेने टाळा. जागेत काय यायला हवे ते स्वतःच्या शब्दांत, मराठीत सुचले तर मराठीत, मनाशी म्हणा. मग पर्याय उघडा. आपल्या परंपरेत याच गोष्टीवर केवढा वाद झाला आहे हे पाहून मला नेहमी आनंद होतो. शाळेच्या व्याकरणात 'अध्याहृत' हा शब्द आपण शिकलो. कर्ता अध्याहृत आहे, क्रियापद अध्याहृत आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी त्याचा खोल विचार केला. कोणी नुसते 'दार' म्हटले आणि ऐकणाऱ्याने ते लावून घेतले, तर त्याने मनात काय भरले? कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणत, 'लाव' हा शब्द भरला. प्रभाकरांचे अनुयायी, म्हणजे प्राभाकर, म्हणत, शब्द नव्हे, अर्थ भरला. शास्त्राचा निवाडा शास्त्रज्ञांनी करावा. परीक्षेला बसणाऱ्याने मात्र प्राभाकरांचे ऐकावे. आधी अर्थ भरा. शब्द समोर पाच आहेतच.

त्याच शास्त्रात देवदत्ताचे उदाहरण आहे. देवदत्त धष्टपुष्ट आहे, आणि तो दिवसा जेवत नाही. दोन्ही विधाने खरी मानायची तर तिसरे एक मानावेच लागते: तो रात्री जेवत असला पाहिजे. याला अर्थापत्ती म्हणतात. जीआरईतले निम्मेअधिक अवघड प्रश्न या एका घडणीवर उभे असतात. एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी दिलेल्या असतात, आणि त्यांचा मेळ घालणारी गोष्ट गाळलेली असते.

एक मराठी उदाहरण घेऊ. मराठी मुद्दाम घेतो, कारण इथे रीत दाखवायची आहे, आणि रीत मातृभाषेत लख्ख दिसते. 'त्या इतिहासकाराची भाषा अलंकारिक असली तरी त्यांचे निष्कर्ष मात्र ——— असत; उपलब्ध कागद जेवढे सांगतात त्यापलीकडे त्यांनी कधी एक पाऊल टाकले नाही.' पर्याय: नाट्यमय, रूक्ष, सावध, एकांगी, उतावळे. ज्याने 'तरी' आणि 'मात्र' वगळून वाचले तो 'नाट्यमय' घेईल, कारण अलंकारिकशी ते जुळते. ज्याने विरोध पकडला तो 'अलंकारिकच्या उलट काय?' असे विचारून 'रूक्ष'वर थांबेल, आणि आपण हुशारीने वाचले असे त्याला वाटेल. परंतु अर्धविरामानंतरचे वाक्य काय सांगते? कागदांपलीकडे पाऊल टाकले नाही. तिथे रूक्षपणाचा उल्लेखच नाही. तिथे संयमाचा पुरावा आहे. उत्तर 'सावध'. 'तरी-मात्र'ने दिशा दिली, अर्धविरामाने आशय दिला. यांतले एकच हाती घेऊन थांबणारा चुकतो.

तीन जागांचा नमुना पाहा. 'समीक्षकांनी या कादंबरीला (१) ——— म्हटले हे नवलच आहे. तिच्यातली एकूण एक घटना लेखकाने सरकारी दप्तरातून (२) ——— आहे, आणि कल्पनेला जी काही मोकळीक दिली ती पात्रांच्या संवादांपुरतीच (३) ——— आहे.' पहिल्या जागेला कपोलकल्पित, कंटाळवाणी, वास्तवदर्शी. दुसरीला उचललेली, लपवलेली, रचलेली. तिसरीला मर्यादित, अपुरी, असीम. पहिल्या जागेपासून सुरुवात करण्याची सक्ती कोणी केलेली नाही. ती जागा तर सर्वांत परावलंबी आहे. 'नवलच' कशाचे, हे पुढचे कळल्याशिवाय ठरत नाही. तिसरी पाहा: 'पुरतीच' हा शब्द 'मर्यादित'खेरीज काही येऊ देत नाही. मग दुसरी. तिच्यापुढे 'आणि' आहे, म्हणजे दोन्ही वाक्ये एकाच दिशेला जातात. कल्पनेला थोडीच जागा, तर घटना दप्तरातून 'उचललेली'. आता पहिलीकडे या. कादंबरी कागदपत्रांवर उभी असताना समीक्षक तिला जे म्हणाले त्याचे नवल वाटते, तेव्हा ते 'कपोलकल्पित' म्हणाले असणार. ज्याने पहिल्या जागेत घाईने 'वास्तवदर्शी' भरले, त्याने पुढचे दोन बरोबर भरूनही गुण गमावला.

दोन शब्द निवडायच्या प्रश्नातला सापळा निराळा आहे. 'व्यासपीठावर तो कितीही ——— वाटला, तरी चार माणसांत त्याच्याइतका मितभाषी कोणी नसे.' सहा पर्याय: वाचाळ, प्रामाणिक, अबोल, बोलघेवडा, विद्वान, सच्चा. विद्यार्थी समानार्थी जोडी शोधू लागतो आणि त्याला 'प्रामाणिक–सच्चा' सापडते. जोडी उत्तम आहे, या वाक्याशी मात्र तिचा संबंध नाही. जोडी शोधणे ही दुसरी पायरी. पहिली पायरी वाक्याला काय हवे ते ठरवण्याची. मितभाषी याच्या उलट जाणारे हवे, म्हणून वाचाळ आणि बोलघेवडा. खऱ्या परीक्षेत तर कधी कधी बरोबर असलेले दोन शब्द कोशात समानार्थी नसतातच. त्या वाक्यापुरते ते एकच अर्थ देतात, एवढेच.

ही तिन्ही उदाहरणे मराठी वाचकाला सहज सुटली असतील. मराठीतल्या 'तरी', 'मात्र', 'पुरतीच' या शब्दांचे वजन आपल्याला लहानपणापासून कळते. आपल्याकडचा विद्यार्थी तर्कात कमी पडत नाही. त्याची अडचण इंग्रजीतल्या अशाच बारक्या शब्दांपाशी होते. तो 'अबस्टीमियस'सारखा अवघड शब्द पाठ करतो, आणि 'बट' हा शब्द येतोच म्हणून त्याच्याकडे पुन्हा पाहत नाही. पण 'नथिंग बट' म्हणजे फक्त तेवढेच, 'एनिथिंग बट' म्हणजे ते सोडून काहीही, अर्थात ते मुळीच नाही, आणि 'ऑल बट' म्हणजे जवळजवळ तसेच. तीन ठिकाणी तोच 'बट', आणि तिन्हींच्या दिशा वेगळ्या. 'इफ'चेही तसे. 'उपयुक्त इफ मर्यादित' अशी रचना आली तर 'इफ' म्हणजे 'जर' नव्हे. उपयुक्त खरे, पण मर्यादित, असा त्याचा अर्थ. 'दुर्मिळ इफ नॉट अशक्य' आले तर दुसरा शब्द पहिल्याच दिशेने आणखी पुढे जाणारा हवा. 'फॉर ऑल' या दोन साध्या शब्दांनी वाक्य सुरू झाले की पुष्कळ मुले 'सर्वांसाठी' असे वाचतात. तिथे अर्थ असतो 'एवढे सगळे असूनही', आणि अख्ख्या वाक्याची दिशा त्यावर ठरते. अशा शब्दांचे एक स्वतंत्र आणि लांबलचक प्रकरण या पुस्तकात आहे. कोणाला एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर त्याने ते वाचावे.

नकारांच्या थरांबद्दलही हेच. 'त्या निर्णयाला त्यांनी कधीच विरोध केला नाही असे म्हणता येणार नाही' हे मराठी वाक्य आपण एका दमात समजतो: कधीतरी विरोध केला होता. इंग्रजीत 'हार्डली' आणि 'अन'ने सुरू होणारा शब्द एकत्र आले की तोच माणूस गोंधळतो. त्याला उपाय साधा आहे. घाई न करता प्रत्येक नकारापाशी दिशा पालटायची आणि शेवटी कुठे उभे आहोत ते पाहायचे.

शब्दसंग्रह नकोच, असे मी म्हणत नाही. अर्थ मनात तयार झाला आणि पाचही पर्याय अनोळखी निघाले तर काय उपयोग? शब्द हवेतच. ते कोणते आणि कसे जमवायचे, एवढाच प्रश्न आहे. सर्वांत जास्त गुण अनोळखी शब्दांनी जातात असा समज आहे. माझ्या पाहण्यात ओळखीच्या शब्दांनी जास्त जातात. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे हे सगळ्यांना ठाऊक असते. विधान 'क्वालिफाय' करणे म्हणजे त्याला मर्यादा घालणे, हे फार थोड्यांना. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा. उत्साह 'फ्लॅग' झाला म्हणजे ओसरला. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी. लेखन 'पेडेस्ट्रियन' असेल तर ते सामान्य, निर्जीव. 'चेक', 'टेम्पर', 'अरेस्ट' ही सगळी अशीच माणसे. परीक्षा घेणारे हे शब्द आवडीने वापरतात, कारण ते दिसायला सोपे असतात आणि नुसती यादी पाठ केलेल्या माणसाला उघडे पाडतात. याउलट 'एनर्व्हेट' हा शब्द कानाला 'एनर्जी'सारखा लागतो आणि त्याचा अर्थ असतो शक्ती काढून घेणे. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द आहे. धातू आणि उपसर्ग शिकून शब्द फोडण्याची रीत चांगली आहे, पण ती शेवटचा आधार म्हणून ठेवावी.

अनोळखी पर्यायाबद्दल एक गोष्ट विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. शब्द माहीत नाही म्हणून त्याला बाद करू नका. बाद करायचा तो पुराव्याशी न जुळणारा. चार शब्द ओळखीचे आहेत आणि चारही बसत नाहीत, तर पाचवा, ज्याचे नावही कधी ऐकले नव्हते, तोच उत्तर आहे. हे निवडायला धैर्य लागते, कारण मन ओळखीच्या शब्दाकडे ओढ घेते. आणि दोन शब्द सारखेच बसतायत असे वाटले, तर सौम्य शब्दाकडे आधी पाहा. वाक्यात 'अडचण' एवढाच पुरावा असेल तर 'संकट' म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

शब्द जमवण्याची खरी जागा म्हणजे वाचन, आणि इथे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची एक विशेष अडचण आहे जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. चार वर्षे तो इंग्रजी वाचतो, पण ते इंग्रजी एका दिशेने चालते: व्याख्या, सूत्र, कृती, निष्कर्ष. जीआरईतले मजकूर इतिहास, कलासमीक्षा, समाजशास्त्र, जीवशास्त्र अशा लेखनाच्या धाटणीचे असतात. तिथे लेखक आधी प्रचलित मत मांडतो, मग त्यात खोट काढतो, मग ती खोट तितकी मोठी नाही हेही कबूल करतो. 'पूर्वी असे मानत', 'अलीकडे दिसते ते असे', 'तरीही' अशा वळणांवर ते गद्य चालते. ही वळणे अंगवळणी पडली नाहीत तर पाठ केलेले हजार शब्दही कामी येत नाहीत. रोज एक दीर्घ, विचारी लेख वाचावा, आणि वाचताना प्रत्येक परिच्छेदात लेखक कुठे वळला त्यावर खूण करावी. नवा शब्द भेटला तर तो आख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवावा. वाक्यात भेटलेला शब्द निरर्थक माळेतला मणी राहत नाही. मराठीतही हे करता येते. वि. का. राजवाडे किंवा इरावती कर्वे यांचे निबंध याच नजरेने वाचले तर युक्तिवाद कसा वळतो ते दिसते, आणि तो डोळा इंग्रजीत जातो.

हा उद्योग आता कशाला, असे विचारणारेही आहेत. अमेरिकेतल्या पुष्कळ विभागांनी, विशेषतः २०२०नंतर, जीआरईची अट काढली किंवा ऐच्छिक केली. प्रश्न रास्त आहे. माणसाची संशोधनाची कुवत दोन तासांच्या परीक्षेत मावते असे मीही मानत नाही. पण २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त, आणि त्यांतले बहुसंख्य पदवीनंतरच्या शिक्षणासाठी गेलेले. परीक्षा असो वा नसो, तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे वीस-वीस पानांचे लेख येतात, ज्यांत लेखकाने नेमका किती दावा केला आहे आणि किती सोडून दिला आहे हे 'ऑल्दो' आणि 'अ‍ॅट बेस्ट' यांच्यावर ठरते. कोऱ्या जागेचा पुरावा शोधायला शिकलेला विद्यार्थी ते लेख निराळ्या रीतीने वाचतो, असे माझ्या पाहण्यात आहे. हे पुस्तक लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. सुरुवातीच्या प्रकरणांत पर्याय दिलेलेच नाहीत. तिथे फक्त मजकूर आणि कोरी जागा आहे. वाचकाने अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा आणि ज्या शब्दांमुळे तो लिहिला त्यांच्याखाली रेघ मारायची. पुष्कळांना हे कंटाळवाणे वाटेल आणि ते थेट सराव-प्रश्नांकडे वळतील. तसे करू नये अशी विनंती आहे. पर्याय येतात ते नंतर, आधी एका जागेचे, मग दोन आणि तीन जागांचे, आणि दोन शब्द निवडायचे सगळ्यांत शेवटी. वेळ लावून सोडवायचे संच अखेरीस ठेवले आहेत, कारण वेग ही सवयीतून येणारी गोष्ट आहे आणि चुकीच्या सवयीला वेग मिळाला तर ती पक्की होते. शब्दांची यादी पुस्तकात कुठेही नाही. उत्तरसूची मात्र प्रश्नांपेक्षा लांब आहे: तिच्यात प्रत्येक प्रश्नाखाली आधी पुराव्याचे शब्द दिले आहेत, मग उत्तर, आणि मग प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो निवडणाऱ्याने मजकुराचा कोणता भाग वाचायचा सोडला ते लिहिले आहे. आपले उत्तर बरोबर आले तरी त्या शेवटच्या ओळी वाचाव्यात.